उणे पाच हजार चारशे

नानांचा जन्म १ जानेवारी १९७० चा, पहाटे चार वाजताचा, पनवेलचा. लोक ज्या सुरात आपण अमक्या सरदाराचे वंशज असल्याचं सांगतात, त्या सुरात नाना ही वेळ सांगतात. कारण युनिक्सच्या घराण्यातले सगळे कॉम्प्युटर त्याच दिवसापासून काळ मोजतात, एकेक सेकंद करून. फक्त मोजणी सुरू होते ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. नाना दीड तास आधी येऊन बसले होते.

"म्हणजे माझा जन्म उणे पाच हजार चारशेचा," ते म्हणतात. "अरे, शून्यसुद्धा माझ्यापेक्षा लहान आहे."

पनवेलमध्ये मिडल क्लास सोसायटी नावाची वस्ती आहे (खरंच आहे, विनोद नाही). तिच्या अलीकडच्या गल्लीत आमची इमारत. मी पहिल्या मजल्यावर, नाना आणि त्यांची आई, माई, दुसऱ्यावर. नाना बेलापूरच्या एका कचेरीत संगणक विभागात आहेत. काम काय, तर रात्री आपोआप चालणाऱ्या शेल स्क्रिप्ट लिहायच्या: जुन्या फाइली उडव, नव्या जपून ठेव. आता जुनी कुठली आणि नवी कुठली हे ठरवायला दोन तारखांची तुलना करावी लागते. तीस वर्षं हेच केल्यामुळे नानांना जगात दुसरा प्रश्न उरलेला नाही. कुणी गेल्याचं कळलं तरी आधी विचारतात, "नातू व्हायच्या आधी की नंतर?"

लग्नपत्रिका देणाऱ्याचे तर हालच. पत्रिकेवर ०५/०६ असं छापलेलं दिसलं की नाना चष्मा सरसावतात. "पाच जून की सहा मे?" मुलीचा बाप म्हणतो, "अहो, पाच जूनच." नानांचं समाधान होत नाही. लिनक्सवरची तारखेची आज्ञा तिरप्या रेघा दिसल्या की अमेरिकन होते, महिना आधी धरते. एकदा त्यांनी मुद्दाम मला बोलावून तिच्यात २६/०१/१९५० घालून दाखवलं. सव्विसावा महिना कुठून आणणार? यंत्राने तारीख अवैध ठरवली. भारताचा प्रजासत्ताक दिन अवैध! नानांचा चेहरा मूल पास झाल्यासारखा फुलला होता.

त्यांचं म्हणणं, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये काही नको. पनवेलची नगरपालिका १८५२०८२५ ला स्थापन झाली आणि तिची महापालिका २०१६१००१ ला झाली. आठ आकडी दोन संख्या, मोठी ती नंतरची, लहान मुलालाही कळेल. मी एकदा दोन्हींची वजाबाकी करून मधले दिवस काढायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. "तुलना कर, वजाबाकी करू नकोस. वजाबाकी करायची तर आधी सेकंद कर, मग शहाऐंशी हजार चारशेने भाग."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. त्याची किंमत आमच्या इमारतीने मोजली आहे.

२०२३ साली नानांनी सोसायटीच्या मेंटेनन्सची वसुली स्क्रिप्टवर घेतली. मुदत १०-०८-२०२३, भरल्याची तारीख मुदतीपेक्षा मोठी असेल तर दंड. शाळेत शिकलेलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह त्यांनी एकेरी चौकटी कंसात टाकलं आणि झोपले. सकाळी अख्ख्या इमारतीला दंड. सेक्रेटरींना दंड, खुद्द नानांना दंड, जे गाळे रिकामे आहेत त्यांनाही दंड. शेलमध्ये तिथे ते चिन्ह तुलनेचं नसतंच. पुढे जे नाव येईल त्या नावाची फाइल उघडून ठेव, असा त्याचा अर्थ. तेव्हा स्क्रिप्टने '१०-०८-२०२३' नावाची एक रिकामी फाइल इमानाने तयार केली होती, आणि मागे नुसतीच एक तारीख उरलेली बघून 'काहीतरी आहे, म्हणजे खरंच आहे' असं मानून सगळ्यांना दंड लावला होता.

नानांनी जाहीर माफी मागितली आणि चौकटी कंस दुहेरी केले. आता तुलना झाली, पण अक्षरांची, शब्दकोशात होते तशी. तळमजल्याच्या कुलकर्णी आजी दर वेळी आगाऊ भरतात. त्यांनी २८-०७ ला भरले होते. दोन हा आकडा एकापेक्षा मोठा, सबब दंड. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी महिनाभर उशिराने ०५-०९ ला भरले. शून्य हा एकापेक्षा लहान, सबब निर्दोष. कोर्टात जे व्हायला वीस वर्षं लागतात ते नानांनी एका रात्रीत करून दाखवलं. ते गृहस्थ अजून नानांना जिन्यात वाकून नमस्कार करतात.

तिसऱ्या वेळी नानांनी महिना वेगळा काढून त्याची तुलना केली. जुलैच्या तारखा घालून बघितलं, बिनचूक. पुढच्या वर्षी ऑगस्ट येताच स्क्रिप्ट कोसळली. सप्टेंबरातही कोसळलेलीच. ऑक्टोबरात, कुणी हात न लावता, उठून बसली. गौरी-गणपतीच्या वर्गणीचा सगळा हंगाम हातचा गेला. खरा प्रकार असा, की अंकाआधी शून्य असलं तर बॅश नावाचं ते शेल तो अंक अष्टमान पद्धतीतला समजतं, आणि त्या पद्धतीत आठ-नऊ हे आकडेच नाहीत. ०७ चालतो, ०८ आणि ०९ चालत नाहीत, १० पुन्हा चालतो. 

नाना हे मला समजावत होते. मला समजत नव्हतं. माई वाती वळता वळता म्हणाल्या, "सप्तमीनंतर एकदम दशमी. अष्टमी-नवमीचा क्षय. त्यात काय एवढं?"

माई ऐंशीच्या घरातल्या. भिंतीवर कालनिर्णय असतं, पण ते दुधाच्या खाड्यांसाठी. अडचणीच्या प्रश्नाला त्या देव्हाऱ्याशेजारचं सोलापूरचं दाते पंचांग काढतात. तिथी गळते, तिथी दुप्पट होते, दर दोन-तीन वर्षांनी अख्खा महिना जादा येतो, ह्याचं त्यांना कधी ओझं वाटलेलं नाही. नानांना वाटतं. वडिलांच्या श्राद्धाची तारीख काढायची स्क्रिप्ट ते गेली दहा वर्षं लिहीत आहेत. दर वर्षी मागच्या तारखेत तीनशे पंचावन्न मिळवायचे की तीनशे चौऱ्याऐंशी, इथे गाडी अडते. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने त्यांना आगाऊ घाम फोडला होता. माई पानावर बोट ठेवून तारीख सांगतात आणि भाजी निवडायला जातात.

गावच्या गणपतीचं तिकीट ही मात्र नानांच्या हक्काची गोष्ट. कोकणच्या गाड्या पनवेलवरूनच जातात, पण म्हणून पनवेलकराला जागा मिळते असं नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशेवीसऐवजी साठ दिवस आधी उघडायला लागलं. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टची, नानांना निघायचं २५ ला. त्यांनी स्क्रिप्टला विचारलं. २६ जून, सकाळी आठ. मी बोटांवर मोजून पाहिलं, अगदी बरोबर. गजर नानांनी फोनला लावला नाही. तो मान त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला. २६ जूनला मी दुपारी जेवून आडवा झालो होतो, दीड वाजला होता, आणि वरून कर्कश घंटा सुरू झाली. नानांनी घरच्या कॉम्प्युटरला तत्त्व म्हणून ग्रीनिचची वेळ लावलेली आहे. त्याच्या घड्याळात तेव्हा आठ वाजले होते. प्रतीक्षायादी तोवर 'रिग्रेट'पर्यंत पोचली होती.

त्या वर्षी नाना आणि माई पनवेलच्या डेपोतून एसटीने गेले. माईंनी लाल डब्यात खिडकीची जागा पकडली आणि कर्नाळ्याचा सुळका दिसल्यावर हात जोडले. नाना तिकिटावरची तारीख वाचत होते.

हल्ली त्यांना निवृत्तीचे वेध लागले आहेत. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. नानांनी आशेने ग्रीनिच लावून पाहिलं. ग्रीनिचला ते ३१ डिसेंबरलाच जन्मले होते, आणि एकतीसला जन्मलेला माणूस एकतीसलाच निवृत्त होतो. दोन्हीकडून उत्तर एकच. दोन तारखा समान निघाल्याचं दुःख काय असतं, ते मी त्या आठवड्यात पाहिलं.

त्यातून वाराचा विषय निघाला. दाखल्याप्रमाणे गुरुवार. माई म्हणाल्या, "खोटं आहे. तू बुधवारचा."

"माई, १ जानेवारी १९७० गुरुवारच होता. सगळं जग तिथून मोजतं."

"जग मोजू दे. पहाटे चारला सूर्य उगवला होता का? उगवेपर्यंत बुधवारच. सुईण मी पाहिली, जगाने नाही."

नाना तडक उठले. कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी आज्ञा टंकली, ग्रीनिचची खूण लावली, उणे पाच हजार चारशे घातले आणि कळ दाबली. पडद्यावर वार आला: बुध. नाना बराच वेळ तसेच बसले. मागून माई आल्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आहेत. इंग्रजी अक्षरं एकेक करून लावतात.

"डी... ए... टी... ई," त्यांनी आज्ञेवर बोट ठेवलं. "दाते! मग आधी सांगायचं नाही का? बरोबरच असणार."