घरगुती सर्व्हर : उभारणी, देखभाल आणि घरच्यांची समजूत

नीरा डाव्या कालव्याला पाणी येऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी इथे ब्लॉक पद्धत आणून वाटपाला शिस्त लावली. तरीही आवर्तन कधी सुटणार, हे बारामतीच्या शेतकऱ्याला विचारावं लागतं. आणि सुटलंच तर टेलपर्यंत पोचणार का, हे इंदापूरच्या. क्लाउडचा ग्राहक हा कायम टेलचाच. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजनं नवे फोटो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजायला सुरुवात केली, तेव्हा साखरपुड्याच्या ड्रोन शूटिंगनं फोन भरून ठेवणाऱ्या घरांना हे उमगलं. यावरचा उपाय इथल्या माणसाला शिकवायला नको : स्वतःची विहीर पाडावी. म्हणजे घरात चोवीस तास चालणारा लिनक्सचा सर्व्हर. इच्छुकांनी पुढील कलमं क्रमानं वाचावीत.

१. यंत्र. नवं घेऊ नये. इंजिनिअरिंगला असताना घेतलेला, स्क्रीनला तडा गेलेला लॅपटॉप प्रत्येक घरात असतोच. त्याची बॅटरी हाच फुकटचा यूपीएस. मात्र ती फुगून टचपॅड वर आला असेल, तर आधी काढून टाकावी. स्वावलंबनापायी घर पेटवण्याची गरज नाही. त्यावर डेबियन टाकावं, डेस्कटॉपशिवाय. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पाहून घरचे तुम्हाला दोन दिवस मान देतात. झाकण मिटलं की झोपायचं, ही लॅपटॉपची सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडावी. नाहीतर पाहुणे येणार म्हणून आवराआवर होते, कोणीतरी झाकण मिटतं आणि सगळा कारभार ठप्प होतो.

२. जागा. माळ्यावर नको, मे महिन्यात पत्र्याखाली माणूस टिकत नाही, हार्ड डिस्क काय टिकणार? खिडकीतही नको. कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल, तर गाळप हंगामात गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांवर जी काजळी बसते, तीच लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसते. पंखा घरघरायला लागला की हंगाम सुरू झाला असं समजावं. सर्वोत्तम जागा इन्व्हर्टरशेजारी. सॉकेटवर ‘पिन काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी वाचून पिन काढली जाते आणि मिक्सर लावला जातो, तेव्हा ‘चटणीपुरतीच काढली होती’ हा खुलासा मान्य करावा.

३. लाईट. गावठाणातल्यांनी इन्व्हर्टरवर सर्व्हरसोबत राउटरही घ्यावा. सर्व्हर चालू आणि राउटर बंद, ही अवस्था फार जण अनुभवतात. वस्तीवर शेतीच्या फीडरवर असलेल्यांनी थ्री फेजची पाळी पाहून बॅकअपची वेळ ठरवावी. रात्रीची पाळी असेल तर पाणी धरायला उठावंच लागतं. त्याच जागरणात डिस्क किती भरली तेही बघून घ्यावं. लाईट आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असेल तर लावावी. नसेल तर आईला बटण दाखवून ठेवावं.

४. पत्ता. विहीर आपली असली तरी रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून जातो. राउटरच्या पानावर इंटरनेटकडचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान दिसला, तर समजावं की एकाच सार्वजनिक पत्त्यावर कंपनीनं अनेक घरं बसवली आहेत. मग राउटरचा पोर्ट कितीही उघडा, पुण्यातून घरचा सर्व्हर दिसायचा नाही. यावर टेलस्केल लावावं. ते आत वायरगार्ड वापरतं, आणि वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. टेलस्केल ही टोरांटोची कंपनी. परावलंबन संपवण्यासाठी कॅनडाची मदत घ्यावी लागते, हे आबांना सांगू नये. आणि सार्वजनिक पत्ता असला तरी एसएसएचचा दरवाजा पासवर्डवर उघडा ठेवू नये. जगभरातले अनोळखी यंत्रमानव रात्रभर ‘अॅडमिन’ नावानं कडी वाजवत राहतात. किल्लीची फाइल वापरावी.

५. वही. फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड असं सगळं झालं, तरी खरं धन नोंदींत असतं : आडसाली लागण कधी केली, ८६०३२ चं बेणं कुठून आणलं, खोडव्याला एकरी टन किती पडला, कारखान्याला नोंद कोणत्या तारखेची. हे सगळं साध्या टेक्स्ट फायलींत, युनिकोडमध्ये लिहावं. श्रीलिपीतल्या जुन्या फायली फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. मग हा आग्रह का, ते कळेल. फायलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आकडे एकाच लिपीतले ठेवावेत. काही मराठी, काही इंग्रजी केले की २०२३ ची लागण २०२५ च्या खाली जाऊन बसते. ‘लागण फायनल नवीन’ हे फायलीचं नाव नव्हे, ती कबुली आहे.

६. भावकी. फायली सगळ्यांच्या फोनवर पोचवायला सिंकथिंग. दोन भावांनी एकाच वेळी पाण्याच्या पाळीची फाइल बदलली, तर सिंकथिंग निवाडा देत नाही. ते दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ व तारीख घालतं. आपल्याकडच्या बहुतेक वादांचं याहून चांगलं दप्तर आजवर ठेवलं गेलेलं नाही.

७. प्रती. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. पुतण्यानं फाइल उडवली की ती सगळीकडून उडते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम. बारामतीकरांनी तिसरी डिस्क इंदापूरला बहिणीकडे ठेवावी, इंदापूरकरांनी बारामतीला. रेस्टिकनं घेतलेली प्रत कुलूपबंद असते, त्यामुळे मेहुण्यांना तुमच्या उसाचा हिशेब कळत नाही. त्याचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. तो फक्त सर्व्हरवरच ठेवणाऱ्यानं पुढची कलमं वाचली नाहीत तरी चालेल.

८. पाटकरी. इथवर आलात म्हणजे कालव्याच्या पाटकऱ्याकडे जायची गरज संपली. आता घरचे पाटकरी तुम्हीच. ‘फोटो का दिसंनात?’, ‘तुझं ते यंत्र बंद पडलंय का?’ हे प्रश्न ऐन पंगतीत येतील. पूर्वी गुगलला नावं ठेवता येत होती, ती सोय गेली. त्यामुळे पाहुणे घरात असताना किंवा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अपडेट करू नये. काय कुठे आहे आणि कसं सुरू करायचं, हे एका पानावर मराठीत लिहून घरात ठेवावं.

९. परीक्षा. वर्षातून एकदा, कोणाला न सांगता सर्व्हर बंद करावा, तिसरी डिस्क घेऊन एसटीनं बहिणीकडे जावं आणि मुक्काम करावा. घरून फोन आला, तर ते पान नीट लिहिलेलं नाही. फोन आला नाही, तर दोन शक्यता : पान वाचून कोणीतरी सर्व्हर सुरू केला, किंवा सर्व्हर तुमच्याखेरीज कोणी वापरतच नाही. नक्की काय, ते परत आल्यावर लॉगमध्ये दिसेल. लॉग जेवण झाल्यावर उघडावा.