पाऊस, भजी आणि सीन नऊ

भाच्याने बारा मिनिटांची शॉर्टफिल्म काढली. चित्रं छान आली होती, पण नायिका हुंदका द्यायची त्याच क्षणी मागे कोथरूडचा भंगारवाला हाळी देत होता.

"मामा, संवाद आहेत तसे ठेवू, बाकी आवाज नव्याने करायचे. फोली!"

मला 'पोळी' ऐकू आलं आणि मी पाट शोधू लागलो. मग कळलं, जॅक फोली नावाचा एक गृहस्थ युनिव्हर्सल स्टुडिओत होता. 1929 च्या 'शो बोट'साठी तो आणि त्याची माणसं पडद्याकडे बघत आवाज काढत होती. पुढे या उद्योगाला त्याचंच नाव पडलं.

आमचा स्टुडिओ म्हणजे आतली खोली. खिडकीला दोन गाद्या, दाराला आजीची गोधडी, पंखा बंद, महिना मे.

पहिलं काम चालण्याचं. नायिकेची पावलं वाजवायला बायकोने साफ नकार दिला, त्यामुळे तिच्या सँडलमध्ये निम्मी पावलं कोंबून मीच लाजत लाजत दारापर्यंत गेलो. "मामा, ही बाई प्रेमात आहे, तू वीजबिल भरायला निघाल्यासारखा चालतोयस." सात टेक झाले. खलनायकाच्या कोल्हापुरी मात्र पहिल्याच टेकला अशा करकरल्या की मला स्वतःचीच भीती वाटली. त्याचा हात मोडायला हॉलिवूडवाले सेलरीची दांडी मोडतात. आम्ही शेवग्याच्या शेंगा मोडल्या. आमटीला दोनच उरल्या.

खरी पंचाईत पावसाची. गेल्या जुलैत फोनवर टिपलेला अस्सल पाऊस भाच्याने ऐकवला. डोळे मिटून ऐकला, तर कढईत भजी पडल्यासारखा वाटला.

"मग भजीच तळू," मी म्हणालो. आयुष्यात एवढी मौलिक सूचना मी दुसरी केलेली नाही.

माइक कढईपासून हातभर लांब धरला. घाणा सोडला की मुसळधार, गॅस बारीक केला की रिमझिम. गडगडाटाला जुन्या नाटकवाल्यांसारखा पत्रा हलवला. ऐकताना अंगावर शहारा आला आणि कांद्याचा वासही. तीन सरी झाल्यावर बायको म्हणाली, "आता ऊन पडू दे, बेसन संपलं."

शेवटी शांतता टिपायची होती. रिकाम्या खोलीचा नुसता एक मिनिटाचा 'रूम टोन'. दिवसभर वरच्यांचा मिक्सर आणि शेजारच्यांचा कुकर चालू, म्हणून रात्री दोन वाजता बसलो. तर घूंऽऽ. फ्रिज! तो बंद केला. परत चालू करायचं विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात म्हणे. निघताना किल्ली शोधली की फ्रिज आठवतो. युक्ती नामी आहे. मी स्कूटरची किल्ली लोण्याशेजारी ठेवली. शांतता फर्मास मिळाली.

फक्त निघायचं कुणालाच नव्हतं. मी घरचाच, आणि भाचा बसने आलेला, तो हॉलमध्येच झोपला.

सकाळी बायकोने चहासाठी दूध काढलं. ते फाटलेलं, लोण्याचं तूप व्हायच्या बेतात आणि त्यात किल्ली पोहत असलेली. तिने एक शब्द काढला नाही. फक्त पातेलं ओट्यावर आदळलं.

हॉलमधून भाचा ताडकन उठला. "मामी, थांब! हलू नकोस! माइक आणतो. तस्संच परत एकदा आपट, सीन नऊला हाच हवा होता!"