आतलं कोणतं?

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक व्हर्जनकाका असतात. वय पन्नाशीकडे झुकलेलं, चष्मा कपाळावर, डबा घरचा. कुणी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणायचा अवकाश, काका खुर्ची गर्रकन फिरवून विचारणार, "ते ठीक. पण आतलं कोणतं?"

काकांच्या मते पायथन म्हणजे एकत्र कुटुंब. दारावर पाटी एकाची. आत एसक्यूलाइट, ओपनएसएसएल, झेडलिब असे सगळे नांदतात आणि प्रत्येकाचं वय निराळं. 2014 मध्ये हार्टब्लीडचं भोक सापडलं, तेव्हा ओपनएसएसएल '1.0.1 एफ' आहे की दुरुस्त केलेलं 'जी', या एका अक्षरापायी काकांनी रात्र जागून काढली. ते जागरण अजून डोळ्यांवरून उतरलेलं नाही.

परवा आमच्या टीममधल्या नव्या मुलीची क्वेरी लॅपटॉपवर पळाली आणि सर्व्हरवर आडवी झाली. क्वेरीत राइट जॉइन होता.

"काका, दोन्हीकडे पायथन 3.11 च आहे हो! एसक्यूलाइटसुद्धा सारखंच. हे बघा, 2.6.0."

काका प्रसन्न हसले. "अगं, हा मधल्या मॉड्यूलचा आकडा. मुलाचं वय विचारलंस, मध्यस्थानं स्वतःचं सांगितलं! नुसतं 'व्हर्जन' नको, 'एसक्यूलाइट अंडरस्कोर व्हर्जन' विचार."

विचारलं. लॅपटॉपवर 3.42, सर्व्हरवर 3.31. राइट जॉइन आला 2022 मध्ये, 3.39 बरोबर.

"विंडोजचा पायथन एसक्यूलाइट सोबत बांधून आणतो," काका म्हणाले. "लिनक्सवर बहुतेकदा सिस्टिममध्ये असेल ते पानात पडतं. आणि झेडलिबला तर दोन आकडे! एक बांधणीच्या वेळचा, दुसरा प्रत्यक्ष चालताना हाती लागलेला. पत्रिकेत नवरा एक, मांडवात भलताच!"

महिन्याभरात त्या मुलीचंच लग्न ठरलं. ती पेढे घेऊन आली. खोक्यावर नाव बड्या दुकानाचं. काकांनी पेढा उचलला, खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आतले पण यांचेच ना?"

"नाही काका, खोकं जुनं आहे. पेढे आईनं घरी केलेत."

"म्हणजे घरचं बिल्ड!" काका खुलले, आणि आणखी दोन उचलले.