शनिवार-रविवारचं सुख

संसारातलं सुख शोधायला जोडपी शनिवारी दुपारी दिवेआगरला पोचतात आणि रविवारी ताम्हिणी घाटाच्या कोंडीत ते घालवून घरी परततात. मुक्कामी पहिली चौकशी वायफायची, दुसरी एसीची. एकमेकांची चौकशी राहिलीच तर किनाऱ्यावर, सेल्फीच्या आधी. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८पासून माणसांच्या आयुष्यांचा माग ठेवला. त्यातून निघालं ते हे, की जिव्हाळ्याची नाती माणसाला सुखी नि धडधाकट ठेवतात. खोली ‘सी-फेसिंग’ हवी, असं त्यात कुठे आढळलेलं नाही.

कुणी म्हणेल, रोजच्या रगाड्यातून दोन दिवस सुटका नको का? हवीच की. पण ज्या वाडीतल्या झोपाळ्यावर हे फोटो निघतात, तिथल्या पोफळींना उन्हाळाभर शिंपणं लागतं. महिनाभर कोरडं ठेवून एकदाच टँकर ओतला तर सुपारी धरत नाही. गंमत अशी, की घरमालक जोडपं त्याच शनिवारी पाहुण्यांसाठी उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत असतं. त्यांना एकमेकांशी बोलायला सवड मिळते मंगळवारी, तीही विषय सिलिंडर संपल्याचा असेल तर.