पंचावन्न क्विंटलची पाटी

इटियाडोह धरणाचा सांडवा वाहू लागला की आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात दोन लोंढे येतात. एक गाढवी नदीचा, दुसरा पुण्याहून आलेल्या भाच्यांचा. नदीचं पाणी मुकाट्याने वैनगंगेकडे जातं. भाचे मात्र गोठणगावच्या टपरीवर थांबतात, चहा मागवतात आणि सल्ले देतात. यंदाच्या भाच्याच्या हातात तेरा इंची आयपॅड प्रो होता. पावसाचा एक थेंब पडला तरी तो त्याला शर्टाखाली घेत होता, स्वतः भिजत होता.

"कितीले पडला गा?" बाकावरच्या मामांनी विचारलं.

"एक लाख एकोणतीस हजार नऊशे."

"धानात सांग."

भाच्याला धानात सांगता येईना, म्हणून ते काम आम्ही केलं. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे या पाटीला लागले जवळपास 55 क्विंटल धान, चाळीस किलोचा कट्टा धरला तर 137 कट्टे. वरून पेन 11,900 चा आणि कळफलक 33,900 चा. हे दोन्ही खोक्यात येत नाहीत. नांगर घेतला आणि फाळ वेगळा विकत आणायला सांगितला, तर आमच्याकडे दुकानदाराला धरणाच्या पाळीवरून खाली ढकलतील. पण कंपनी अमेरिकेची असली की त्याला 'इकोसिस्टीम' म्हणायचं असतं. सगळं मिळून हिशेब 74 क्विंटलांवर गेला. मामांनी उरलेला चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले.

"पण मामा, जाडी बघा, फक्त 5.1 मिलीमीटर!" भाचा म्हणाला.

बारीक मालाला ठोकळ मालापेक्षा भाव जास्त, हे या तालुक्याला पुण्याहून येऊन सांगायची गरज नाही. प्रश्न आहे किती जास्त. केंद्र सरकारच्या त्याच हंगामाच्या यादीत 'अ' दर्जाच्या धानाचा भाव 2,389 रुपये आहे. म्हणजे उत्तम आणि साधारण यांत क्विंटलमागे 20 रुपयांचा फरक. शेतकऱ्याच्या मालाचं 'प्रीमियम'पण सरकारने एवढं मोजलं आहे. टॅबच्या बाजारात मात्र साधा माल बारा-तेरा हजारांना मिळतो आणि उंची माल त्याच्या दसपट. हा दर लावणारा माणूस एकदा धान खरेदी केंद्रावर आणून बसवावा, अशी आमची फार इच्छा आहे.

आता दसपट पैशांत काय मिळतं ते पाहू. पडदा झगझगीत, प्रकाश 1000 निट्सपर्यंत, चित्र सेकंदाला 120 वेळा ताजं होणारं, आणि अंगात अशी चिप की तीवर सिनेमा कापून जोडता यावा. हे खोटं नाही. पण याच कंपनीच्या कागदावर लिहिलं आहे की हे यंत्र 0 ते 35 अंश तापमानात वापरावं. मे महिन्यात आमच्याकडे 35 अंश न्याहारीच्या वेळेलाच होतात. म्हणजे अख्खा उन्हाळा 55 क्विंटलची ही पाटी नियमाप्रमाणे कुलरसमोर बसवायची आणि घरच्यांनी ओसरीवर झोपायचं.

स्वस्ताचीही आरती नको. दहा हजारांच्या आतबाहेरचा टॅब पहिल्या दिवशी चांगलाच पळतो. 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, तीही संथ प्रकारची. त्यातला बराचसा भाग अँड्रॉइड आणि कंपनीने न विचारता टाकलेली ॲप्स आधीच अडवून बसतात. दोनेक वर्षांत पीडीएफचं पान उलटायला सांगावं आणि तेवढ्यात बैलांना वैरण टाकून यावं. काही स्वस्त टॅबांना तर पूर्ण पैसे भरूनही ओटीटीवरचा सिनेमा एचडीत दिसत नाही, कारण त्यासाठी लागणारी वाइडवाइन या कॉपीविरोधी कुलपाची वरची परवानगी कंपनीने घेतलेलीच नसते. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर हसणारं कुटुंब असतं.

तेव्हा महाग घ्यावा की स्वस्त? या प्रश्नाचा सरकारी सिद्धांत आपल्याकडे केव्हाच सिद्ध झाला आहे. विकत घेणारा आणि वापरणारा एकच असेल तर टॅब उंची. दोघे वेगळे असतील तर टॅब बजेट.

पुरावा पाहा. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं उद्घाटन केलं. किंमत सुमारे 2,250 रुपये, सात इंची पडदा, 256 एमबी रॅम, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. पडदा अशा जातीचा की नुसत्या स्पर्शाला जुमानत नसे, नख रुतवावं लागे. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून आपण टाळ्या पिटल्या. पुढे चाचण्यांच्या निकषांवरून आयआयटी राजस्थान आणि टॅब बनवणारी कंपनी यांचं बिनसलं, प्रकल्प मुंबई आयआयटीकडे गेला, आणि 'आकाश' आकाशातच राहिला. त्यावरून मंत्र्यांनी स्वतःच्या कचेरीचा कारभार चालवल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

मग अंगणवाडी सेविकांची पाळी आली. त्यांना सरकारने मोबाइल दिले 2 जीबी रॅमचे. मोबाइल तापू लागले, अडकू लागले. वरून पोषण ट्रॅकरचं ॲप आलं, तेही इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. आमच्या मते त्या काळातलं सर्वांत नेमकं तांत्रिक परीक्षण हेच. त्याला यूट्यूबवर एकही लाइक नाही. त्याच वर्षी, 1 फेब्रुवारीला, देशाचा अर्थसंकल्प पहिल्यांदाच टॅबवर वाचला गेला. त्या टॅबला लाल बहीखात्याचं वेष्टन होतं. तो मधेच अडकला, तापला किंवा "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणाला, असं कुठे छापून आलं नाही.

सगळाच अंधार आहे असं नाही. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी फुकट टॅब देते, सोबत दिवसाला 6 जीबी डेटा. यातला शहाणपणा टॅबपेक्षा डेटात आहे. नवेगावबांधच्या जंगलाकडेच्या गावात नेटवर्क शोधत पोरगं पाळीवर चढतं, तेव्हा त्याच्या टॅबची जाडी किती मिलीमीटर हा प्रश्न त्याला पडत नाही.

भाच्याने शेवटी विचारलंच, "मग माझा टॅब वाया गेला म्हणता?" नाही. वडशाला जाऊन झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं पाहा. नायिका, खलनायक, पिस्तूल, मंगळसूत्र आणि वीस कलावंतांचे चेहरे एका कागदावर बसवायचे असतात. ते काम पेनाने टॅबवर करून त्यावर पोट भरणारा कुणी असेल, तर त्याने कर्ज काढून उंची टॅब घ्यावा, दोन हंगामांत फिटेल. आमचा भाचा त्यावर क्रिकेट पाहतो. क्रिकेटला 55 क्विंटल लागत नाहीत.

पोरांच्या अभ्यासासाठी घ्यायचा असेल तर 6 किंवा 8 जीबी रॅमचा, पंधरा-वीस हजारांतला टॅब घ्या. दुकानात फक्त दोन प्रश्न विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार, आणि पडदा फुटला तर गोंदियात दुरुस्त होतो की नागपूर गाठावं लागतं? दुकानदार विषय बदलून फुकटच्या कव्हरवर आला, तर उठा.

आणि सरकारकडे आमची एकच मागणी आहे. गरिबांसाठी पुढचे टॅब निवडणाऱ्या खरेदी समितीने आधी सहा महिने तोच टॅब स्वतः वापरावा, मे महिन्यासकट, आणि आपल्या सभांचं इतिवृत्त त्याच्यावरच टाइप करावं.