समुद्रालगतची जागा भाड्याने देणे आहे

पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत तेल नाही, सोने नाही, शेतीपुरते पाणीही नाही. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहरापेक्षा कमी. पण जागा मोक्याची! तांबडा समुद्र आणि एडनचे आखात यांना जोडणारी बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी अगदी दारात. रुंदी जेमतेम तीस किलोमीटर, आणि हिंदी महासागरातून सुएझमार्गे युरोपला निघालेल्या प्रत्येक जहाजाला तिच्यातूनच जावे लागते. असा कोपऱ्यावरचा प्लॉट नशिबी आल्यावर कारखाने काढायची दगदग कोण करतो? जिबूती घरमालक झाला.

पहिला भाडेकरू फ्रान्स. हा खरे तर जुना मालकच. १९७७ मध्ये त्याने घराच्या किल्ल्या सोपवल्या, स्वतःची खोली मात्र सोडली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेला या वस्तीची गोडी लागली. फ्रेंच फौजेची जुनी छावणी, कॅम्प लेमोनिए, तिने घेतली. २०१४ च्या करारात भाडे ठरले वर्षाला सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर. सोमाली चाच्यांचे निमित्त करून २०११ मध्ये जपान आला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा त्याचा परदेशातला हा पहिलाच तळ. मग इटली. आणि २०१७ मध्ये चीनने बिऱ्हाड थाटले. चीन त्याला लष्करी तळ म्हणत नाही, रसद पुरवण्याची सोय म्हणतो. या सोयीला भक्कम तटबंदी आहे, आणि युद्धनौका लागतील एवढा धक्काही.

अमेरिका आणि चीन यांच्या कुंपणांत दहा-बारा किलोमीटरचे अंतर. शेजारधर्म लगेच सुरू झाला. २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार केली, की चिनी तळाकडून आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेसरचे झोत मारले जातात. दोघांच्या डोळ्यांना इजाही झाली. चीन म्हणाला, आम्ही नाही बुवा त्यातले. भाडे दोघांकडूनही येत राहिले.

मालक भोळा आहे, अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये. दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदर कंपनीने दोराले येथे झकास कंटेनर टर्मिनल उभारून दिले. ते नीट चालू लागल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये जिबूती सरकारने ते ताब्यात घेतले. लंडनच्या लवादाने निकाल डीपी वर्ल्डच्या बाजूने दिला. निकाल कागदावर राहिला, टर्मिनल सरकारकडे. अध्यक्ष इस्माईल ओमर गुलेह १९९९ पासून खुर्चीवर आहेत. आधी ती त्यांच्या काकांकडे होती. अध्यक्षाने दोनदाच निवडून यावे, ही अट २०१० मध्ये राज्यघटनेतून काढून टाकली गेली. कराराला मुदत असते ती भाडेकरूंच्या.

एवढे पहारेकरी एकाच वाड्यात राहतात म्हटल्यावर गल्लीत चोरीची भीती नसावी. पण नोव्हेंबर २०२३ पासून समोरच्या येमेनमधून हूती बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. अमेरिका, ब्रिटन, युरोप सगळ्यांच्या युद्धनौका धावल्या. बरीच क्षेपणास्त्रे हवेतच पाडलीही. पण विम्याचे दर कडाडले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. न्हावा शेव्यातून युरोपला निघालेली नाशिकची द्राक्षेही केप ऑफ गुड होपचे दर्शन घेऊन, दहा-पंधरा दिवस उशिरा पोहोचू लागली. बागायतदाराने कॅम्प लेमोनिएचे नावही ऐकले नव्हते. शीतकंटेनरचे वाढीव भाडे मात्र त्याला तोंडपाठ झाले.

जिबूतीची खरी झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. इरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाल्यापासून शेजारच्या इथियोपियाला समुद्रकिनारा नाही, आणि त्याचा बहुतेक सगळा माल जिबूतीतूनच जातो. या हक्काच्या गिऱ्हाइकाने १ जानेवारी २०२४ रोजी सोमालियातून फुटलेल्या सोमालीलँडशी किनारा मिळवण्याचा करार केला. मालकाने मग सूर बदलला. ताजुरा बंदर पूर्णपणे तुम्हीच चालवा, असा प्रस्ताव परराष्ट्रमंत्री महमूद अली युसूफ यांनी मांडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच युसूफ केनियाच्या रायला ओडिंगांना हरवून आफ्रिकी संघाच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. या आयोगाचे मुख्यालय आदिस अबाबात, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच घरी आहे.