सगळ्यांना चालणारी बॅटरी कशी विकावी

पोर्टेबल पॉवर स्टेशनच्या जादा बॅटऱ्या विकू पाहणाऱ्या होतकरूंनी आधी एक गोष्ट पक्की करावी: बॅटरी दुय्यम, मजकूर मुख्य. ‘सर्व नामांकित मॉडेलना चालते’ हे ठळक छापावे. ‘चालते’ म्हणजे काय, त्या फंदात पडू नये. पिवळा एक्सटी-६० कनेक्टर खटकन बसला की चालली, असे गिऱ्हाईक आपणहून समजते. उगाच त्याचा विरस का करा?

आता आतली गोष्ट, दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. अनेक संचांत बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारे सर्किट, मुख्य यंत्राला चार्ज आणि तापमान कळवत असतो. अनोळखी बॅटरी दिसली की यंत्र एरर कोड दाखवून मोकळे होते. अशा वेळी शांतपणे विचारावे, “साहेब, आधी कुठलं बटण दाबलंत?”

व्होल्टेजवर तर बोलूच नये. ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाने १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा पॅकही विकला जातो आणि १३ एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलचाही. पहिला भरतो ५८.४ व्होल्टला, दुसरा ५४.६ ला. पहिल्याचा चार्जर दुसऱ्याला लावला आणि बीएमएसने वेळीच तोडले नाही, तर दर सेलवर जवळपास ४.५ व्होल्ट येतात. मर्यादा ४.२ ची. पुढे धूर निघाला तर त्याला ‘अयोग्य हाताळणी’ म्हणतात.

क्षमता मिलिअँपिअर-अवरमध्येच सांगावी. ५०० वॉट-अवर म्हटले की गिऱ्हाईक नाक मुरडते, त्याचेच ३.७ व्होल्टने १,३५,००० होतात. लाखाचा आकडा ऐकून माणूस सुखावतो.

अडचण एकच, कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलात तर ५० लाखांपर्यंत. ऑनलाइन विकत असाल तर २०२० चे नियम सांगतात, जाहिरातीत म्हटल्यासारखा माल नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी केवळ शोभेला. मुंगीच्या अक्षरातली ‘अटी लागू’ही २०२२ पासून अडचणीत आली, खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि टायपात हवा म्हणे.

तरी घाबरू नये. बहुतेक गिऱ्हाइके १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक फिरवतच नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात (लोक अजून मंचच म्हणतात) पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे त्यांना ठाऊक नसते. आपण सांगू नये.

सांभाळायचे ते एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाला. तो जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवतो, जीएसटीचे बिल मागतो, खोका उघडतानाच व्हिडिओ घेतो. वर म्हणतो, “माझा मॉडेल नंबर बिलावर लिहा आणि ‘याला चालते’ म्हणून सही करा.” अशाला चहा पाजावा, पेन संपलंय म्हणावे आणि शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवावे.